पडद्याआडील अशिलांच्या वकील : कॉर्नेलिया सोराबजी

घरातील कर्ता पुरुष अकाली निवर्तला म्हणजे त्या घरावर दोन संकटे एकाच वेळी कोसळतात. पहिले दुःखाचे. ते सर्वांस दिसते, आणि आप्तस्वकीय येऊन त्यात वाटेकरीही होतात. दुसरे संकट कागदांचे असते, ते सहसा कोणास दिसत नाही. शेत कोणाच्या नावे आहे, सावकाराचे देणे किती, दप्तर कोणाच्या कपाटात आहे, कोणत्या कागदावर कोणी आणि काय समजून सही केली, हे प्रश्न सुतक फिटण्यापूर्वीच दाराशी येऊन उभे राहतात. त्यांची उत्तरे देण्याचे ज्ञान घरात मागे राहिलेल्या बाईस व मुलांस नसेल, तर पिढ्यान्‌पिढ्यांची मिळकत दोन-चार वर्षांत परक्याच्या हाती जाते. अशा निराधार झालेल्या स्त्रियांची आणि अज्ञान मुलांची मिळकत राखण्यात ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या कॉर्नेलिया सोराबजी यांचे चरित्र या दृष्टीने सर्व कुटुंबांनी जाणून घेण्यासारखे आहे.

कॉर्नेलियाबाईंचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. त्यांचे वडील रेव्हरंड सोराबजी खरसेदजी हे मूळचे पारशी. तरुणपणी त्यांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला होता. आई फ्रान्सिना यांचे पालनपोषण एका इंग्रज दांपत्याने केले होते, आणि पुण्यात मुलांमुलींसाठी शाळा काढून त्यांनी शिक्षणाच्या क्षेत्रात नाव मिळविले होते. कॉर्नेलियाबाईंचे बालपण प्रथम बेळगावात व पुढे पुण्यात गेले. घरात बहिणी अनेक आणि भाऊ एकच; परंतु मुलगी म्हणून कोणाच्या शिक्षणात कसूर झाली नाही. त्यांची एक बहीण डॉक्टर झाली, दुसरीने पुण्यात शाळा चालविली, आणि भाऊ अलाहाबादेस वकिली करीत असे.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या शिकावयास गेल्या तेव्हा मुलांच्या मेळ्यात त्या एकट्याच मुलगी होत्या. मुंबई विद्यापीठाची पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. अंतिम परीक्षेत त्यांनी पहिल्या वर्गाचे यश मिळविले. अशा गुणवत्तेच्या विद्यार्थ्यास इंग्लंडला जाऊन शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. परंतु विद्यार्थी म्हणजे पुरुष, असा त्या काळच्या नियमांचा अर्थ असल्यामुळे ती त्यांना नाकारण्यात आली. त्यांनी खचून न जाता अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकविण्याची जागा पत्करली. ज्या काळी मुलींस शाळेत पाठविणेही अनेक घरी अप्रशस्त वाटे, त्या काळी एक तरुण बाई पुरुष विद्यार्थ्यांच्या वर्गापुढे उभी राहून अध्यापन करीत होती.

शिष्यवृत्तीच्या बाबतीत झालेल्या अन्यायाची वार्ता इंग्लंडात पोहोचली आणि तेथील काही उदार स्त्री-पुरुषांनी वर्गणी जमवून त्यांच्या शिक्षणाची सोय केली. या साहाय्यकर्त्यांत शुश्रूषाशास्त्राच्या प्रवर्तक फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि हिंदुस्थानचे हितचिंतक सर विल्यम वेडरबर्न हेही होते. १८८९ साली कॉर्नेलियाबाई ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या. तेथे कायद्याचा अभ्यास करणारी स्त्री त्यापूर्वी कोणी पाहिली नव्हती. बॅलिऑल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जोवेट यांनी त्यांच्या विद्येची कदर केली, आणि विद्यापीठाने खास ठराव करून १८९२ साली त्यांना कायद्याच्या वरिष्ठ परीक्षेस बसू दिले. ही परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. परीक्षेची परवानगी मिळाली तरी पदवी मात्र मिळाली नाही, कारण स्त्रीस पदवी देण्याची ऑक्सफर्डची रीतच नव्हती. ती रीत १९२० साली बदलली आणि बाईंच्या हाती पदवी पडली १९२२ साली. परीक्षा आणि पदवी यांमध्ये तब्बल ३० वर्षे गेली.

परीक्षेनंतर त्यांनी लंडनमधील लिंकन्स इन फील्ड्स येथील ली अँड पेंबर्टन या सॉलिसिटर मंडळींच्या कचेरीत काम शिकण्यास प्रारंभ केला. इंग्लंडात वकिलीचे दोन भाग आहेत. न्यायालयात उभे राहून वाद करणारा तो बॅरिस्टर. आणि अशिलाच्या घरचे कागद तपासणारा, मृत्युपत्रे व विश्वस्तपत्रे लिहिणारा, खरेदीखतांतील खाचाखोचा पाहणारा, मिळकतीची व्यवस्था लावणारा तो सॉलिसिटर. तेव्हा स्त्रीस यांपैकी काहीच होता येत नव्हते. त्या देशात कायद्याने हा मार्ग १९१९ साली खुला झाला. तथापि बाईंनी त्या कचेरीत दस्तऐवज वाचण्याची जी विद्या मिळविली, तीच पुढे त्यांच्या सर्व कार्याचा पाया ठरली.

१८९३ साली त्या स्वदेशी परतल्या. हिंदुस्थानात त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. राजघराण्यांतील व जमीनदार घराण्यांतील असंख्य स्त्रिया पडद्यात राहत होत्या. घराबाहेरील पुरुषाच्या दृष्टीस पडणे त्यांना वर्ज्य होते. त्यांच्या नावावर गावे होती, दागिने होते, पोटगीचे हक्क होते. परंतु वकील पुरुष, न्यायाधीश पुरुष आणि अंमलदारही पुरुष, त्यामुळे त्यांची कैफियत त्यांच्याच मुखातून ऐकणारा कोणी नव्हता. जो काही निरोप बाहेर जाई तो कारभाऱ्याच्या किंवा एखाद्या आप्ताच्या तोंडून जाई, आणि पुष्कळदा त्या बाईचे हितसंबंध ज्याच्याशी विरुद्ध असत, तोच निरोप नेणारा असे.

येथे फसवणूक कशी होई हे समजून घेतले पाहिजे. कारभारी पडद्याजवळ येऊन एक कागद आत सरकवी आणि हे सरकारी पावतीचे काम आहे असे सांगे. बाई अंगठा उठवी. वर्षभराने कळे की तो कागद पावतीचा नसून सर्वाधिकाराचे मुखत्यारपत्र होते, व त्याच्या आधारे दोन गावे गहाण पडली आहेत. न्यायालयाचा कमिशनर जबानी घेण्यास आला, तर पडद्यामागून उत्तरे देणारी बाई तीच की दुसरी, हे पाहण्याचा मार्ग त्यास नसे. बंगालमध्ये तर आणखी एक धोका होता. १७९३ च्या कायमधाऱ्याच्या व्यवस्थेनुसार ठरलेल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी सारा भरला नाही, तर जमीनदारी लिलावास निघे. कारभाऱ्याने मुद्दाम दिरंगाई केली आणि लिलावात दुसऱ्याच्या नावाने स्वतःच बोली लावली, तर विधवेस ते कळेपर्यंत सर्वस्व गेलेले असे.

धर्मशास्त्राच्या तत्कालीन न्यायालयीन अर्थानेही विधवेची स्थिती नाजूक होती. एकत्र कुटुंबातील विधवेस मिताक्षरेनुसार केवळ अन्नवस्त्राचा हक्क होता. बंगालमधील दायभागानुसार पुत्रहीन विधवेस पतीचा हिस्सा मिळे, पण तोही हयातीपुरता. कायदेशीर निकडीवाचून तिला तो विकता येत नसे. साहजिकच तिच्या पश्चात वारस होणारे भाऊबंद तिच्या प्रत्येक खर्चावर डोळा ठेवीत, आणि दत्तकाचा प्रश्न निघाला की घरात दोन तट पडत. बालवारसाच्या जिवासही भय आहे अशी शंका अनेक घरांत बोलली जाई.

कॉर्नेलियाबाईंनी या स्त्रियांचे काम हाती घेतले. काठेवाडातील एजन्सीच्या आणि इंदूर संस्थानाच्या ब्रिटिश प्रतिनिधींपुढे अशा स्त्रियांच्या वतीने अर्ज करण्याची खास परवानगी त्यांना मिळाली. परंतु ती त्या त्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून होती. गुजरातेकडील एका लहानशा संस्थानातील अनुभव त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. एका हत्तीच्या निर्वाहासाठी दिलेले उत्पन्न राजाने परत घेतले होते, त्याविरुद्ध त्या उभ्या राहिल्या. कायद्याचे आधार काढून सर्व सिद्धता करून त्या गेल्या, आणि निकालही त्यांच्या बाजूने लागला. मात्र राजाने कारण दिले ते एवढेच की, त्याच्या कुत्र्यास बाई आवडल्या. ही हकीकत ऐकून हसू येते. परंतु ज्या ठिकाणी हक्काचा निर्णय लहरीवर होतो, तेथे उद्या तो तितक्याच सहजपणे उलटही होऊ शकतो, हे त्यांनी मनाशी नोंदून ठेवले.

अंगी पात्रता असून सनद नाही, ही उणीव भरून काढण्यासाठी त्यांनी पुन्हा विद्यार्थिदशा पत्करली. १८९७ साली मुंबई विद्यापीठाची एल्‌एल्‌. बी. परीक्षा आणि १८९९ साली अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या. तरीही स्त्रीस सनद देण्यास न्यायालये राजी होईनात. ही अडचण एकट्या त्यांचीच नव्हती. १९१६ साली कलकत्त्याच्या रेजिना गुहा यांचा अर्जही तेथील हायकोर्टाने केवळ त्या स्त्री आहेत म्हणून फेटाळला.

दार उघडत नाही असे पाहून बाईंनी दुसरा मार्ग शोधला. १९०२ साली त्यांनी लंडनच्या इंडिया ऑफिसकडे अर्ज केला की, स्त्रिया व अज्ञान मुले यांच्या कामात सल्ला देण्यासाठी सरकारने स्त्री कायदेपंडिताची नेमणूक करावी. त्यांच्या प्रयत्नांस यश येऊन १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे त्यांची नेमणूक झाली. अज्ञान वारस, वेडसर मालक, किंवा कारभार पाहण्यास असमर्थ ठरविलेली स्त्री यांची जमीनदारी सरकारने आपल्या देखरेखीखाली घेऊन चालवावयाची, सारा व कर्ज फेडावयाचे, कुटुंबास नेमणूक द्यावयाची आणि वारस वयात येताच मिळकत त्याच्या स्वाधीन करावयाची, असे या खात्याचे काम होते. योजना चांगली होती. परंतु अंमलदार पुरुष असल्याने ज्यांच्यासाठी ती होती त्या स्त्रियांपर्यंत तो पोहोचतच नसे. तो दुवा कॉर्नेलियाबाईंनी साधला. १९०७ पर्यंत बंगाल, बिहार, ओरिसा व आसाम एवढा विस्तीर्ण प्रदेश त्यांच्या कामात आला होता.

त्यांचे काम कचेरीत बसून होणारे नव्हते. आगगाडी, होडी, पालखी, प्रसंगी हत्ती अशा मिळेल त्या वाहनाने त्या दूरदूरच्या वाड्यांत जात. अंतःपुरात बसून राण्यांचे म्हणणे त्या ऐकत, कागद त्यांच्या भाषेत समजावून सांगत, नेमणूक वेळेवर पोहोचते की नाही हे पाहत. बालवारसाचे दूध कोण देते, वैद्य कोण येतो, पंतोजी कसा आहे, याचीही चौकशी करीत. सासू-सुनांचे आणि सवतींचे वर्षानुवर्षांचे तंटे त्यांनी सामोपचाराने मिटविले. न्यायालयात गेलेला तंटा जिंकणाऱ्यासही गरीब करून सोडतो, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून शक्य तेथे दावा टाळणे हेच वकिलाचे खरे कौशल्य असे त्यांचे धोरण होते. सुमारे २० वर्षांच्या सेवेत ६०० हून अधिक स्त्रियांस व अनाथ मुलांस त्यांनी साहाय्य केले, आणि कित्येकांकडून एक पैही घेतली नाही. १९०९ साली सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. बाई स्वतः ख्रिस्ती. आणि ज्या घरांत त्या जात त्यांतील बहुतेक कर्मठ हिंदू घराणी. सोवळेओवळे, व्रतवैकल्ये, श्राद्धपक्ष यांत तेथील दिवस जात असे. कॉर्नेलियाबाई कोणाचे मन न दुखविता त्या आचारांचा मान राखून वागल्या, आणि म्हणूनच त्या घरांचे दरवाजे त्यांना उघडले गेले. कलकत्त्यास महाकाली पाठशाळा स्थापन करणाऱ्या माताजी तपस्विनी यांच्याविषयी त्यांनी अतिशय आदराने लिहिले आहे. दुसऱ्याच्या श्रद्धेवर घाव न घालताही त्याचे हित साधता येते, याचा त्यांचे जीवन हा उत्तम दाखला होय.

१९२१ साली अलाहाबाद हायकोर्टाने त्यांची वकील म्हणून नोंद करून घेतली, आणि १९२३ च्या कायद्याने देशभर स्त्रियांना वकिलीचा व्यवसाय मोकळा झाला. दरम्यान १९२२ साली सरकारी कामातून निवृत्त होऊन, लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन, १९२४ साली त्यांनी कलकत्त्यास व्यवसाय सुरू केला. तेव्हा त्यांचे वय ५७ होते. तरुणपणी ज्या दाराशी त्या उभ्या राहिल्या होत्या ते उघडले तेव्हा केस पांढरे झाले होते. शिवाय आत गेल्यावरही स्त्रीस उभे राहून वाद करण्याची संधी देण्यास लोक कचरत, आणि बाईंच्या वाट्यास बहुतेक लेखी अभिप्राय देण्याचेच काम आले. १९२९ मध्ये त्यांनी हायकोर्टाचे काम सोडले व लंडनला वास्तव्य केले.

त्यांच्या चरित्राची दुसरी बाजूही झाकून ठेवणे योग्य होणार नाही. इंग्रजी राज्यावर त्यांची निष्ठा होती. महात्मा गांधींच्या चळवळीस त्यांनी उघड विरोध केला. १९२७ साली कॅथरीन मेयो या अमेरिकन बाईने हिंदुस्थानची निंदा करणारे जे पुस्तक लिहिले त्याच्या बाजूने त्या बोलल्या, तेव्हा सारा देश दुखावला, आणि त्यांच्या समाजकार्यात हातभार लावणाऱ्या भगिनीही दूर झाल्या. पडद्याची चाल कायद्याने मोडण्यापेक्षा शिक्षणाने हळूहळू बदलावी असे त्यांना वाटे; तेही अनेक सुधारकांस पटत नसे. ज्या स्त्रियांसाठी त्या झिजल्या त्यांच्याच देशाच्या स्वातंत्र्याची हाक त्यांना ऐकू आली नाही, ही खंत वाटल्यावाचून राहत नाही. पण एका प्रश्नावर मनुष्य चुकला म्हणून त्याच्या हातून झालेले सत्कार्य पुसले जात नाही. लिलावातून वाचलेले गाव आणि विद्या मिळालेला अनाथ मुलगा यांच्या बाबतीत त्या कार्याचे मोल राजकारणाने कमी होत नाही.

अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी मंदावली होती. ६ जुलै १९५४ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, लंडन येथे त्यांनी देह ठेवला. आपल्या आठवणी त्यांनी १९३४ साली ‘इंडिया कॉलिंग’ या ग्रंथात लिहिल्या होत्या. २०१२ साली लंडनच्या लिंकन्स इनमध्ये त्यांचा अर्धपुतळा बसविण्यात आला.

त्यांच्यामागे काळ पुष्कळ बदलला. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेस पतीच्या मिळकतीत हिस्सा मिळाला, आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने तिचा हयातीपुरता हक्क संपूर्ण मालकीचा झाला. पडदानशीन स्त्रीने दिलेल्या दस्तऐवजाविषयी प्रिव्ही कौन्सिलने घालून दिलेला दंडक आजही न्यायालये मानतात. त्या दस्तऐवजाचा लाभ घेणाऱ्यानेच सिद्ध करावयाचे असते की, तो बाईस समजावून सांगितला होता आणि तिने स्वखुशीने, अर्थ उमजून सही केली होती. पुढे निरक्षर व परावलंबी व्यक्तींच्या बाबतीतही न्यायालयांनी हीच काळजी घेतली आहे.

तरीही कायद्याचे काम तेथेच थांबते. सहीच्या वेळी बाईजवळ बसून कागद वाचून दाखविणारा हितचिंतक कायद्यास निर्माण करता येत नाही. तो आपणच झाले पाहिजे. आपल्या देवस्थानाची मिळकत विश्वस्त जपतात ती याच भावनेने, की देव स्वतः हिशेब विचारावयास येत नाही, म्हणून तो आपणच अधिक चोख ठेवावा. घरातील वृद्ध माता, विधवा भगिनी, पोरके झालेले पुतणे-भाचे यांच्या बाबतीतही तोच नियम लागू आहे. वाचकांनी आपल्या घरच्या दस्तऐवजांची यादी करून ती पत्नीस व वयात आलेल्या मुलामुलींस दाखवून ठेवावी, मृत्युपत्राचे काम पुढे ढकलू नये, आणि ज्याचा लाभ होणार आहे त्याच्याखेरीज दुसऱ्या जाणत्या माणसाचा सल्ला घेतल्यावाचून कोणा आप्त स्त्रीस कशावरही सही करू देऊ नये. कॉर्नेलियाबाईंनी जे काम ६०० घरी केले ते प्रत्येकाने आपल्या एका घरी केले, तरी त्यांच्या स्मृतीस ती उचित आदरांजली होईल.